डिझेलला इंग्रजी येत नाही

ये बाई, कागदावर का होईना, पण जरा जवळ सरकून बस. तुझा कान धरायचाय मला. भावाची लेक म्हणून हळू धरीन, पण धरणार. परवा वरवंडच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या सगळ्यांच्या देखत काय म्हणालीस तू? "आत्याचं नशीब बरं, म्हणून वायसरांवर निभावलं." असं म्हणालीस आणि वर जिलेबीचा तुकडा मोडलास. मी गप्प बसले, मांडवात तोंड वाजवायचं नसतं म्हणून. आता मांडव उतरलाय. आता ऐकून घे.

वायसर म्हणजे तुझं वॉशर. तू पुण्याला राहून वॉशर म्हणतेस, आम्ही वायसर म्हणतो, आणि गळका नळ दोघींचंही ऐकतो. नावात काय आहे, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. एका नावानंच मला भर बाजारात तोंडावर आपटलं होतं, ते सांगते.

मी कारेगावला नांदायला आले तेव्हा तिथं कंपन्या नव्हत्या. माळ होता, बाजरी होती आणि आमच्या सासऱ्यांची मेंढरं होती. मग माळावर एकेक शेड उठायला लागली. त्यातल्या एका लहान शेडात रबराची वायसरं पाडायचं काम निघालं. आम्ही सहा बायका होतो. खाली रबराची शीट, वर पंच, हातानं चाक फिरवलं की ठप्प. एक चकती खाली. पुन्हा ठप्प. संध्याकाळी घरी आलं तरी खांदा आपला ठप्प ठप्प करत राहायचा.

शाळा माझी चौथीपर्यंत. शीटवर इंग्रजीत काय छापलंय ते मला वाचता येत नव्हतं. पण हाताला कळायचं. आमचे सासरे डोळे मिटून मेंढराच्या पाठीवर हात फिरवायचे आणि सांगायचे, ही गाभण आहे, हिला ताप येणार. तसा मी शीटवर अंगठा दाबायला शिकले. नख रुतवायचं, वाकवून बघायचं, वास घ्यायचा. एक रबर अवखळ, अंगठा काढला की लगेच उसळी घेणारं. एक जरा आळशी, दाबलं की सावकाश वर येणारं. दोन्ही काळी कुळकुळीत. तिसरं पांढरं, ते वाफेच्या कामाचं. सुपरवायझर बरा माणूस होता. विचारलं की सांगायचा, "मावशी, हे उसळतं ते पाण्याला. हे आळशी ते तेलाला आणि डिझेलला. अदलाबदल करायची नाही, गिऱ्हाईक बोंबलत येईल." त्या आळशी रबराचं नावही तो सांगायचा. पण ते नाव आमच्या सहाजणींच्या तोंडात फिरून फिरून 'न्याटरल' झालं. न्याटरल म्हणजे तेलाचं, एवढं मी पक्कं धरलं.

दोन वर्षांनी शेड बंद पडलं, मालक दुसरीकडं गेला. गंजलेले पंच भंगारात चालले होते, ते मी सुपरवायझरला मागून घेतले. न्याटरलच्या उरल्यासुरल्या पट्ट्याही घेतल्या. घरी बाभळीचं खोड होतं, त्यावर पट्टी ठेवायची, पंच ठेवायचा, वर हातोडा. झाला माझा कारखाना. वायसरं मापापरमाणं तारेत ओवायची आणि शिरूरच्या बाजारात पोतं अंथरून बसायचं. शेजारी लसूणवाली, पलीकडं दोरखंडवाला. वायसरवाली अशी त्या बाजारात मी एकटीच.

लोक आधी हसले. कारण आमच्याकडं वायसर विकत घ्यायची रीतच नव्हती. नळ गळला, सायकलची ट्यूब काप. पंप गळला, ट्यूब काप. इंजिन गळलं, ट्यूब काप. रबर ते रबर आणि काळं ते काळं. ट्यूब पाण्याला चालते, मी नाही म्हणत नाही. पण डिझेल लागलं की ती आठ दिवसांत चिकट होऊन बसते. हे सगळ्यात आधी पटलं इंजिनवाल्या मिस्त्रीला. तेव्हा घोड नदीच्या आणि भीमेच्या काठानं डिझेल इंजिनांचा नुसता भडभडाट असायचा, विजेचा भरवसाच नव्हता. त्या इंजिनांच्या डिझेलच्या कॉकला लागणारी वायसरं मिस्त्री माझ्याकडनं मूठमूठभर न्यायचा. किरकोळ गिऱ्हाईक येवो न येवो, मिस्त्री आला की माझा बाजार झाला.

असं वर्ष गेलं आणि शेडातल्या पट्ट्या संपल्या. आता शीट विकत आणायची पाळी आली. तुझ्या बापानंच सांगितलं, दौंडला स्टेशनाच्या अंगाला पट्टे आणि रबरं विकणारं एक दुकान आहे. गेले एस्टीनं. शेटला म्हटलं, "एक सूत जाडीचं न्याटरल द्या." त्यानं गुंडाळी काढली, कापली, दिली. मी अंगठा दाबला. आता इथं खरं सांगते, तुझ्यापासनं कशाला लपवू. अंगठा मला म्हणाला, बाई, हे जरा जास्तच उसळतंय. मी अंगठ्याला म्हटलं, माल ताजा असेल. ताजा! भाजी होती का ती ताजी असायला? पण एवढ्या लांब आलेली, परतीची गाडी लागलेली, आणि तोंडानं मागितलं तेच नाव शेटनं पावतीवर लिहिलेलं. घेतलं आणि आले. पाडली वायसरं, दिली मिस्त्रीला.

तिसऱ्या बाजाराला आप्पा आले. आप्पा म्हणजे भीमेकाठचे मोठे बागायतदार, सोसायटीत ज्यांच्या शब्दाला मान, असे. एरवी ते माझ्या पोत्याकडं बघायचेही नाहीत. त्या दिवशी सरळ येऊन उभे राहिले, मागं मिस्त्री मान खाली घालून. आप्पांनी तळहात पुढं केला. त्यावर माझं वायसर होतं. पण ते वायसर राहिलं नव्हतं. दुप्पट फुगलेलं, कडा वर आलेल्या, मधलं भोक मिटत चाललेलं.

"ह्ये काय हाय?" आप्पा म्हणाले.

"वायसर हाय, आप्पा."

"व्हय? मला वाटलं मेदूवडा हाय. चटणी दे की संगट!"

आसपासचे सगळे हसले. दोरखंडवाला तर मांडीवर थाप मारून हसला.

"कॉक गळून डिझेल कांद्याच्या रोपात उतरलं. दोन वाफं पिवळं पडल्यात माझं. कुणी इकला ह्यो वडा?"

मिस्त्री घाईनं म्हणाला, "म्या काय करू आप्पा, मावशीनं न्याटरल म्हनून दिलं."

"बाईमानसानं भाजी इकावी. रबरातलं काय कळतंय तिला?"

तेव्हा लसूणवाली मधेच बोलली, "आप्पा, भाजीतलं तरी तुमाला कुठं कळतंय? मागल्या बाजाराला कडू दोडकं घिऊन गेला की माज्याच समोरनं."

पुन्हा हशा झाला, पण तो मला वाचवायला पुरला नाही. जाताना मिस्त्री खाली वाकून हळूच म्हणाला, "मावशी, राग मानू नगा. पन आता म्या न्हाई घ्यायचो तुमच्याकडनं. लोक माझी गचांडी धरत्यात." आणि मिस्त्री गेला म्हणजे माझं सगळंच गेलं. त्या दिवशी तारेतलं एकही वायसर हललं नाही. उठेपर्यंत माझं नाव बाजारभर झालं होतं, वडेवाली.

घरी तुझ्या मामांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. ते एका कंपनीत वॉचमन होते. ऐकून घेतलं, मिशीवरनं हात फिरवला आणि म्हणाले, "कँटीनला चपात्या लाटायला बाई पायजे. सायब मला दोनदा म्हनले. तू म्हन हां, उद्याच सांगतो."

"म्हंजी वायसरं बंद?"

"आता कोन घेनार तुजी वायसरं? चपाती फुगली तर लोक नावाजत्यात तरी."

हसू नकोस. मलाही हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. चपात्या लाटण्यात कमीपणा आहे असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. माझ्या मनानं गेले असते तर ताठ मानेनं गेले असते. पण चार माणसांनी हसून मला परत चुलीपुढं ढकलायचं आणि मी जायचं, हे होणार नव्हतं. मी म्हटलं, "पुढल्या बाजारापतुर थांबा. तवर कुणाला हां म्हनू नगा."

"आठ दिसात काय करनार हायेस?"

"रबर कुठं फसलं त्ये बघनार हाय."

माझ्याकडं शेडातल्या जुन्या पट्टीचं एक वायसर उरलं होतं आणि त्या पट्टीची भोकं पडून झालेली चाळण. दौंडच्या शीटचीही तशीच चाळण होती. दोन वाट्यांत डिझेल घेतलं, एकीत जुनं वायसर टाकलं, एकीत नवं. दुसऱ्या दिवशी काढून फडक्यानं पुसलं. डोळ्यांना फरक दिसत होता, पण दिसतंय म्हणून काय, लोक म्हणणार आधीपासनंच मोठं होतं. मग मला सुचलं. वायसर ज्या भोकातनं निघालं त्याच भोकात परत बसवून बघायचं. जिथनं निघालं तिथं परत बसलं तर ते डिझेलाला टिकलं. नाही बसलं तर फसलं. जुनं वायसर जुन्या भोकात टपकन बसलं. नवं वायसर दाबलं, पिळलं, अंगठा दुखेपर्यंत रेटलं. नवऱ्याला बोलावलं, त्यांनीही रेटलं. बसेना.

"आरं तिच्या," एवढंच म्हणाले ते. पण वाटी उचलून परत परत बघत राहिले.

म्हणजे माझा पंच बरोबर होता, माप बरोबर होतं, काम बरोबर होतं. रबरच दुसरं होतं. सकाळच्या एस्टीनं दौंड गाठलं. पिशवीत दोन्ही चाळणी, पंच, हातोडा आणि औषधाच्या बाटलीत डिझेल. बाटलीचं बूच गच्च होतं तरी कंडक्टर न्हावऱ्यापासनं चौफुल्यापर्यंत नाक मुरडत होता.

शेटसमोर फुगलेलं वायसर ठेवलं. म्हटलं, "न्याटरल मागितलं, ह्ये काय दिलं?"

शेटनं पावती बघितली. "मावशी, नॅचरल मागितलं, नॅचरलच दिलं. नॅचरल म्हणजे झाडाच्या चिकाचं अस्सल रबर. पाण्याला एक नंबर."

"मला डिझेलचं पायजे व्हतं."

"मग नायट्राईल म्हणायचं ना!"

"त्येच म्हनले की म्या. न्याटरल."

शेट इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. "नॅचरल वेगळं, नायट्राईल वेगळं. आधी नीट बोलायला शिका मावशी, मग धंदा करा."

घे! दोन रबरं, दोन नावं, आणि माझ्या तोंडात दोन्हींचं मिळून एकच झालेलं. चूक माझीच होती, ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. पण त्याचं ते हसणं मला लागलं. आप्पा म्हणाले भाजी विक, घरचे म्हणाले चपात्या लाट, हा म्हणतो आधी बोलायला शिक. मी पायरीवर बसकण मारली आणि म्हटलं, "शेट, बोलायचं ऱ्हाऊ द्या. तुमच्याकडं काळी रबरं किती परकारची हायेत? समद्यांचा येकेक तुकडा द्या."

"कशाला?"

"डिझेलात टाकते."

"अहो, इथं लिहिलंय ना शीटवर कुठलं काय ते."

"लिवलेलं तुमाला वाचाया येतं, मला न्हाई. आन् डिझेललाबी इंग्रजी येत न्हाई. त्याला जे कळतं, त्येच मला बघायचंय."

शेटनं कुरकुरत कोपऱ्यातली चिंधुकं काढली. चार जातीची काळी रबरं होती. मी पायरीच्या दगडावर पंच धरला आणि ठोकलं, चार चकत्या पाडल्या. सगळ्या एका मापाच्या, म्हणून ओळखायला एकीला एक खाच पाडली, एकीला दोन, एकीला तीन, चौथी तशीच. बाटलीत टाकल्या आणि बाटली उन्हात ठेवली. सकाळी दहाला ठेवली असेल. भाकरीचं फडकं सोडून तिथंच जेवले. शेट येता जाता गिऱ्हाइकांना सांगायचा, "मावशींची परीक्षा चाललीय." गिऱ्हाइकं वाकून बघायची. दुपार कलली तसा शेटच चारदा बाहेर येऊन गेला. शेवटी म्हणाला, "काढा हो आता, माझ्याच जिवाला घोर लागला."

काढल्या. एकेक पुसून आपापल्या भोकात बसवली. खाच नसलेली बसेना, ते शेटनं मला दिलेलं नॅचरल. एका खाचेची बसेना. तीन खाचांची अर्धी बसली आणि अडली. दोन खाचांची मात्र टपकन आत गेली. मी त्या तुकड्यावर अंगठा दाबला. आळशी! तेच माझं जुनं, सावकाश वर येणारं रबर.

"हेच नायट्राईल," शेट म्हणाला. या खेपेला हसला नाही.

"तुमच्यासाठी असंल," मी म्हटलं. "माज्यासाठी ह्ये तेलाचं. हितनं फुडं म्या तेलाचं मागनार, तुमी ह्येच द्यायचं. आन् दरखेपेला तुकडा आधी नेनार, शीट मागनं. आज तपासून झालंय, तवा आजच शीट द्या."

बाजाराच्या दिवशी मी जागेवर गेले तर दोरखंडवाल्यानं माझ्या जागेत निम्मी दोरखंडं पसरलेली. "आलीस व्हय? मला वाटलं वड्याची गाडी टाकलीस." मी त्याचं एक वेटोळं उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि पोतं अंथरलं. पुढं काचेची बरणी ठेवली, आत डिझेल, डिझेलात तेलाची चार वायसरं आणि पाण्याची चार, दोन दिवस भिजलेली. बरणीशेजारी त्यांच्या चाळणी. ओरडले नाही. नुसती बसले. लसूणवालीच ओरडली माझ्या वतीनं, "या या, वडं बघा, वडं!"

लोक जमले तसे आप्पाही आले, मिस्त्रीही आला. मी उठून उभी राहिले. "आप्पा, चूक माजी व्हती. नाव एक घेतलं आन् रबर दुसरं आनलं. माज्या अंगठ्याला कळलं व्हतं, म्या त्याचं ऐकलं न्हाई. पन कळत न्हाई म्हनून न्हाई चुकलं, तपासलं न्हाई म्हनून चुकलं. आता तपासून इकते. तुमी सोता तपासा."

आप्पांनी बाह्या सारल्या. फुगलेलं वायसर भोकात रेटलं, बोटं डिझेलानं काळी झाली, बसेना. मग दुसरं घेतलं. टपकन बसलं. काढलं, परत बसवलं. तिसऱ्यांदाही बसवलं. लहान पोरासारखं करत होते, सगळे बघत होते.

"हं," म्हणाले. "पन माजं रोप गेलं त्ये गेलंच की."

"गेलं. त्ये वाफं म्या लावून देते. उद्या येते."

"तू? तू वायसरवाली, तुला कांदं लावता येत्यात?"

"आप्पा, तुमीच म्हनला व्हता, बाईमानसानं भाजीचं बघावं."

मिस्त्री आधी हसला, मग लसूणवाली, मग आप्पांच्या मिशाही हलल्या. दुसऱ्या दिवशी गेले. डिझेल मुरलेली माती काढून टाकली, नवी भरली, त्यांच्याच घरच्या बायकांबरोबर दोन्ही वाफे नव्या रोपानं लावून दिले. उपकार म्हणून नाही आणि भीती म्हणूनही नाही. जेवढं माझ्या हातनं बिघडलं तेवढं माझ्याच हातानं नीट केलं, म्हणजे पुढं कुणी बोट दाखवायला जागा राहात नाही.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी बाजारात आप्पा निघून गेल्यावर मिस्त्री मागं राहिला. बराच वेळ बरणी बघितल्यासारखं केलं. मग तारेकडं बोट करून म्हणाला, "मावशी, धा द्या... त्ये, तेलाचं."

तेलाचं म्हणाला. न्याटरल नाही, नायट्राईल नाही. मी धा वायसरं मोजून त्याच्या हातात टाकली.

संध्याकाळी घरी गेले. नवरा दारातच उभा. "काय झालं?"

"कँटीनला दुसरी बाई बघाया सांगा."

मग मी पत्र्याच्या तीन पाट्या रंगवून घेतल्या. पाण्याचं, तेलाचं, वाफेचं. कारेगावला बिहारकडची पोरं कामाला आली, ती सुद्धा तसंच मागायला लागली, "मौसी, तेलवाला देना, पानीवाला नहीं." दौंडच्या शेटनं त्याच्या गुंडाळ्यांवर खडूनं मराठीत तेच तीन शब्द लिहिले. म्हणाला, "गिऱ्हाइकं तुमच्या बोलीत मागतात हो, मलाच कळेना झालं."

मला आता नायट्राईल म्हणता येतं, बरं का. नातवानं शिकवलं. पण बाजारात मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. ज्याला वायसर हवंय त्यानं आधी सांगायचं, ते कशात बुडणार आहे. नाव माझं मी बघून घेईन.

इंजिनं गेली, विजेच्या मोटारी आल्या, तारेतली मापं बदलली. तरी मी बसते. अजून एखादा नवखा येतो आणि म्हणतो, कुठलंबी द्या, रबर ते रबर. त्याला मी बरणी दाखवते. तुला हे सगळं कागदावर सांगून भागणार नाही. लग्नात भेटलीस ते काही भेटणं नव्हे, दोन घास आणि फोटो. तू ये. पुढच्या बाजारालाच ये, सकाळच्या पहिल्या गाडीनं. लसूणवालीला सांगून माझ्याशेजारी पोत्यावर तुझी जागा धरून ठेवते. दिवसभर बस, गिऱ्हाईक कर, हात काळे कर, आणि मुक्कामाला थांब. लवकर ये गं, वाट बघायला लावू नकोस.